दोन मिनिटांचा नमुना

गुरुवारी मी सैपाक लवकर उरकते आणि अकराच्या आत शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसते. त्या दिवशी रीता मॅडम येतात. अडखळणाऱ्या, तोतरं बोलणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलांना शिकवणं हे त्यांचं काम. हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, गावात कोणी ते घेत नाही. 'बोलणं शिकवणारी बाई' म्हणतात. अर्जुनीहून स्कूटीवर येतात. बारा शाळा, एकोणीस मुलं, आणि एकट्या ह्या. आमच्या शाळेत त्यांच्या यादीत एकच नाव आहे, माझ्या खुशीचं. ती आठ वर्षांची आहे, तिसरीत.

खुशी अडखळते. चार वर्षांची होती तेव्हापासून. शब्दाचं पहिलं अक्षर तोंडात अडकतं, ती डोळे मिटते, उजव्या हातानं मांडीवर थाप मारते, आणि मग शब्द सुटतो. कधी सुटतच नाही. अशा वेळी मी तिच्याकडे पाहत नाही. ऐकणाऱ्याचं तोंड पाहते. कोण हसलं, कोणी नजर वळवली, कोणी शब्द पुरा करून दिला. पुरा करून देणाऱ्यांत मीच पहिली. मॅडमनी दहादा सांगितलंय, ताई, तिचा शब्द तिला म्हणू द्या. मी हो म्हणते. घरी गेलं की जीभ ऐकत नाही.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीची. बीएस्सी झाले आणि लग्न होऊन इकडे केशोरीच्या अलीकडे आले. खुशीचे पप्पा गोंदियाला राइस मिलमध्ये आहेत, शनिवारी येतात. बाकी सहा दिवस मी, खुशी, सासरे केशोराव आणि सासूबाई पार्वताबाई. सासूबाईंचं म्हणणं सरळ आहे. "माय असी घाबरी, तं लेकरू कसं बोलंल?" आणि दीड वर्षापूर्वी आमचा गोऱ्हा बोडीत, म्हणजे शेताच्या वरच्या तळ्यात, बुडून मेला, तेव्हापासून तर घरात काही बिघडलं की तोच विषय. दूध नासलं तरी ऐकायला मिळतं, "दावं बांधता येत नाई, दूध काय सांभाळंल." त्या संध्याकाळी गोऱ्ह्याचं दावं मी बांधलं होतं. नीट बांधलं होतं. निदान मला तसं वाटतं. इतक्यांदा ऐकल्यावर आता खात्री राहिली नाही.

रीता मॅडम पहिल्यांदा आल्या ते त्याच दिवसांत. त्यांनी खुशीला समोर बसवलं, मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवला आणि म्हणाल्या, घरची कोणतीही गोष्ट सांग. त्याला त्या नमुना म्हणतात. दोन मिनिटं मुलानं मनानं बोलायचं, मग मॅडमनी घरी जाऊन किती शब्द, किती अडखळणं ते मोजायचं. खुशीनं गोऱ्ह्याचीच गोष्ट काढली. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. आबाजी, म्हणजे माझे सासरे, शेतात होते, गोऱ्हा हंबरत होता, इतकं ती बोलली, आणि मग "द... द... दावं..." वर अडकली. थाप, थाप, थाप. दोन मिनिटं भरली. मॅडम म्हणाल्या, "शाबास बाळा, झालं." मोबाइल बंद.

तो व्हिडिओ मॅडमनी मलाही पाठवला होता, घरी तुलना करायला म्हणून. मी तो किती वेळा पाहिला असेल! दरवेळी त्या 'दावं'पाशी थांबायचे. पुढे काय येणार होतं ते मला माहीत होतं. मम्मीनं नीट बांधलं नव्हतं. म्हणजे घरात चालतं ते लेकरानं बाहेरच्या बाईला सांगायला घेतलं होतं. मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही म्हणा.

दीड वर्षात काय बदललं? मॅडमना विचारलं तर त्या म्हणतात, खूप. खुशी हजेरीला आधी नुसता हात वर करायची. ऑगस्टमध्ये एक दिवस "ह-ह-हजर" म्हणाली, सगळ्या वर्गासमोर. मॅडमना वर्गाच्या बाईंकडून कळलं तेव्हा त्या व्हरांड्यात येऊन माझा हात धरून उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, अडखळलीच ना. मला न अडखळणारी खुशी पाहिजे होती. खोटं कशाला लिहू.

तशी खुशी मला दिवाळीनंतर मिळाली, मंडईत. आमच्याकडे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, बाजार, पाळणे, आणि मधोमध दंडार, आमच्याकडचं सोंगांचं लोकनाट्य. माझे सासरे तरुणपणी दंडारीत सोंगं करायचे. यंदा त्यांनी नातीला राणीचं सोंग शिकवलं. मी नको नको म्हणत होते. गावासमोर अडकली तर? सासरे म्हणाले, "तू दूर बस अन् चूप बस." बसले. खुशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, हनुवटी वर केली आणि ठणठणीत आवाजात, ओळीमागून ओळ, प्रधानाला झापलं. एकदाही अडखळली नाही. एकदाही मांडीवर हात गेला नाही. माझ्या मांडीवर मात्र माझाच हात आपटत होता.

मी शूट केलं होतं. तिथूनच स्टेटसला टाकलं. चूक ती झाली. पण त्या दिवशी ती चूक वाटली नव्हती. गोंदियाच्या नणंदेनं रडणारे चेहरे पाठवले. ज्या जाऊबाई खुशीला 'अटकी' म्हणायच्या, त्यांनीही अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. सकाळपर्यंत तो व्हिडिओ तीन ग्रुपांवर फिरत होता.

आणि चौथ्या दिवशी मुख्याध्यापक उदाराम कापगते सरांचा फोन आला. "प्रेरणाताई, तुम्ही तं कमालच केली. हे यशोगाथेत पाठवू."

यशोगाथा म्हणजे शाळेनं वर पाठवायचा कागद, आमच्या शाळेत काय चांगलं घडलं त्याचा. सोबत फोटो, व्हिडिओ. सरांना 'पहिले' आणि 'नंतर' असे दोन व्हिडिओ हवे होते. 'नंतर' गावभर होताच. 'पहिले' म्हणजे तो नमुना.

सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. शाळेचा पट एकवीसवर आला आहे. दरवर्षी कोणी ना कोणी पोरगं व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातं. शाळा बंद करून दुसरीला जोडतील ही धास्ती त्यांच्या तोंडावर मला रोज दिसते. तोंडं पाहण्याचंच तर माझं काम.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी खुशीचा तास घेतला, तिला वर्गात पाठवलं आणि बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या. हेल्मेट मांडीवर, केसांत धूळ.

"सरांनी मागितला नमुना," त्या म्हणाल्या. "मी नाही दिला."

"मी दिला तर?"

"तुमची मुलगी आहे. तुम्ही देऊ शकता." मग त्याच म्हणाल्या, "पण तो मी घेतला तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं? मोजायला. दाखवायला नाही."

मी म्हटलं, "मॅडम, गाव तिला अटकी म्हणतं. आता जरा चांगलं बोलून राहिलं तर..."

"राणी बोलली, ताई."

"म्हणजे?"

त्यांनी हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "पाठ केलेलं, दुसऱ्या कोणाच्या सोंगात बोलताना बऱ्याच मुलांचं अडखळणं थांबतं. गाताना थांबतं. सगळ्यांसोबत कविता म्हणताना थांबतं. ते छानच आहे, मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण मंडईहून घरी येताना ती तुमच्याशी कशी बोलली?"

घरी येताना तिनं पाणी मागितलं होतं आणि 'पाणी'वर इतका वेळ अडकली की मीच बाटली हातात दिली.

"यशोगाथा गेली," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मी लिहून दिलं की मुलगी बरी झाली. बरी झाली तर जूनमध्ये तिचं नाव यादीतून जातं."

"नाव जाऊ द्या ना. तुम्ही तशाच येत जा."

त्या हसल्या, दमलेलं हसू. "यादीत नाव नसलेल्या मुलीजवळ बसले तर वाटेतल्या दुसऱ्या मुलाचा वेळ तिला दिल्यासारखं होतं. नवेगाव बांधच्या शाळेत एक मुलगा आहे, त्याला मी पंधरा दिवसांतून एकदाच पोहोचते."

"मग सरळ नाही म्हणा."

"तेच तर जमून नाही राहिलं." पहिल्यांदाच त्या आमच्यासारख्या बोलल्या. "माझी नेमणूक करारावर आहे. मार्चमध्ये संपते. परत मिळेल की नाही कोणी सांगत नाही. अशी एखादी यशोगाथा वर गेली तर मिळेल, सर म्हणतात, आणि बहुतेक खरंच म्हणतात. मी राहिले तर एकोणीस मुलांजवळ कोणीतरी राहील. एका मुलीबद्दल थोडं वाढवून लिहायचं, बाकी अठरांसाठी. चार रात्री हेच करून राहिले, लिहायचं की नाही लिहायचं. शिकताना आम्हाला हे सगळं होतं. खोटा अहवाल देऊ नका, परवानगीशिवाय दाखवू नका. परीक्षेत मला चांगले मार्क होते त्यात."

मला त्यांचा राग आला. मोठं माणूस म्हणून आपण ज्याच्याकडे जातो, तोच आपल्यासारखा बाकावर बसून हेल्मेट कुरवाळत असेल तर राग येतो.

घरी सासूबाईंनी विचारलंच. "सही केली का वो मास्तरच्या कागदावर?"

"नाही अजून."

"काऊन? पोरगी सुदरली हे जगाले कळू दे ना. उद्या तिले पाहुणे पाहाले येतीन तं हाच व्हिडू दाखवता येईन."

"आठ वर्षांची आहे ती, आई."

"मंग? दिवस का थांबून राहतेत तुह्यासाठी?"

त्या आठवड्यात खुशीचं बोलणं कमी झालं. जो भेटेल तो म्हणे, "ए राणी, डायलॉग मार." किराणा दुकानात, नळावर, ऑटोत. ती म्हणून दाखवायची. मग लोक खुश होऊन साधं काहीतरी विचारायचे, कोणत्या वर्गात आहेस बाळा, आणि ती अडकली की म्हणायचे, "अबे, नाटक कायले करतेस? येते ना तुले बोलता!" तिसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं, खुशी हजेरीला पुन्हा हात वर करते.

हे मी ऐकलं आणि कोणाला सांगितलं नाही. मॅडमनाही फोन केला नाही. गुरुवारची वाट पाहिली.

गुरुवारी सरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद तयार होता, टाइप केलेला. वर खुशीचं नाव, खाली दोन रेघा. एक पालकाच्या सहीची, एक मॅडमच्या.

"आज शेवटची तारीख आहे," सर म्हणाले. "मी कोणाले जबरदस्ती नाई करत. पण विचार करा. शाळेचं नाव होईन, मॅडमचं काम दिसंन, पोरीचं कौतुक होईन. नुकसान कोणाचं आहे सांगा."

मॅडम म्हणाल्या, "हजेरीला ती परत हात वर करून राहिली, सर. बाईंनी आत्ता सांगितलं."

"होते कधी कधी."

"खुशीला विचारलं का कोणी?"

सर माझ्याकडे पाहू लागले. मी मॅडमकडे. कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, जी तिच्यासाठी गावभराची तोंडं पाहत असते.

"लेकराले काय विचारायचं?" सर म्हणाले, पण उठून त्यांनीच दारातून हाक मारली.

खुशी आली आणि माझ्या खुर्चीला चिकटून उभी राहिली. मॅडम तिच्या उंचीला खाली बसल्या. म्हणाल्या, "तुझे दोन व्हिडिओ सर दुसऱ्या लोकांना पाठवू म्हणतात. एक राणीचा. एक तू पहिल्यांदा माझ्याशी बोललीस तो. पाठवायचे का, हे तू सांगायचं. नाही म्हटलंस तरी चालेल."

खुशीनं विचारलं, "दु... दु... दुसरा कोणता?"

तिनं तो पाहिलाच नव्हता. दीड वर्ष माझ्या मोबाइलमध्ये होता आणि मी तिच्यापासून लपवून पाहत होते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल काढून दिला.

तिनं तो दोन्ही हातांत धरला. त्यात साडेसहा वर्षांची, दात पडलेली, गुबगुबीत गालांची ती. आबाजी शेतात गेले होते. गोऱ्हा हंबरून राहिला होता. द, द, दावं. थाप, थाप. शाबास बाळा, झालं.

मला वाटलं आता रडेल. तिनं परत लावला. परत तिथेच संपला. तिनं स्क्रीनवर बोट घासून पाहिलं, पुढे काही आहे का म्हणून.

"बा... बाकीचं कुठं आहे?"

मॅडम म्हणाल्या, "बाकीचं नाही घेतलं. दोन मिनिटं झाली होती ना, म्हणून मी..." आणि त्यांनी तिच्या हातातून मोबाइल घेतला. "तुझी गोष्ट पुरी नव्हती झाली, नाही का?"

खुशीनं मान हलवली.

"मग आता सांग. मी मोबाइल बंद केला आहे."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. आणि मग, कसं कोण जाणे, मी पाहणं सोडलं. खुशीकडे वळले. तिचे डोळे मिटले होते, हात मांडीवर आपटत होता, आणि ते पाहवत नव्हतं तरी मी तिकडेच पाहत राहिले.

"द... द... दावं घट्ट झालं होतं," ती म्हणाली. "त्याच्या म... म... मानेले रक्त आलं होतं. म्हणून म... म... म..."

तोंडात आलेला शब्द मी दातांखाली धरला. किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर पोरं पाढे म्हणत होती, सतराचा पाढा संपला.

"मीच सोडलं. मम्मीनं नाही सोडलं. म... मग तो बोडीकडे पळाला. मी आ... आवाज दिला. नाव त्याचं माझ्या तोंडातून न... न... निंगलंच नाही."

मॅडम खाली फरशीवरच बसून राहिल्या. मोजत नव्हत्या हे मला दिसत होतं.

मी खुशीला जवळ ओढलं. मला रडू आलं नाही. दीड वर्ष उचललेलं काहीतरी खाली ठेवल्यावर हात दुखतो, तसं काहीसं झालं. आणि हेही मनात आलं, लपवत नाही, की पोरगी पहिल्याच दिवशी माझी बाजू सांगत होती आणि मीच तिला घाबरून बसले.

"प... पाठवू नका," खुशी म्हणाली. "राणीचाबी नको."

सरांनी कागद ओढून घेतला. रागावले नव्हते. चष्मा काढून डोळे चोळले. "ठीक आहे बापा. परसबागेचं लिहून पाठवतो. वांगे बरे आले होते यंदा." मग मॅडमकडे वळून, "मार्चचं मात्र मी काही बोलू शकत नाही, मॅडम."

"माहीत आहे, सर."

मॅडमनी आपली नोंदवही तिथंच उघडली आणि खुशीच्या पानावर लिहिलं. मला वाचायला दिलं. अडखळणे पूर्वीइतकेच. मंडईनंतर हजेरीस पुन्हा गप्प, व्हिडिओ पसरल्यामुळे. आज कठीण गोष्ट स्वतःहून पुरी सांगितली. उपचार सुरू ठेवावा. खाली सही. मी 'व्हिडिओ पसरल्यामुळे' हे शब्द दोनदा वाचले. तिथं माझं नाव नव्हतं, पण मला दिसलं.

व्हरांड्यात हेल्मेट चढवताना त्या म्हणाल्या, "नमुना मी माझ्याकडून काढून टाकते. तुम्ही ठेवायचा तर खुशीला विचारून ठेवा." आणि मग, "मला नवेगावला उशीर झाला." स्कूटी दोन किकनंतर सुरू झाली.

सुटी झाल्यावर मी आणि खुशी घरी आलो. वाटेत ती म्हणाली, "आबाजीले मी सांगीन." मी म्हटलं, सांग. मी सांगू का, हे जिभेवर आलं होतं.

सासरे अंगणात दोर वळत होते. सासूबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. खुशी त्यांच्यासमोर उभी राहिली. "आ... आ..."

"बोल वो लवकर. राणी झाली तवा तं..."

"थांबा, आई," मी म्हटलं. "तिचं होऊ द्या."

आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा थांबा म्हटलं असेन. त्या थांबल्या, नवलानंच थांबल्या असतील. खुशीनं सगळं सांगितलं. फार वेळ लागला. 'रक्त'वर इतकी अडकली की सासऱ्यांच्या हातातला दोर उलटा उकलत गेला आणि त्यांना कळलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "दावं मीच नवं आणलं होतं. काचलं असंन." इतकंच. आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

सासूबाई तांदळातले खडे वेचत राहिल्या. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मंग दीड वर्ष मी कायले बोलून राहिली होती हिले?"

मी चहा ठेवायला आत गेले. आतून ऐकत होते. बाहेर खुशी परत कशावर तरी अडकली होती, आणि ह्या वेळी तिला कोणी घाई करत नव्हतं.